निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : काकांची येझदी कापायच्या आधी

निपाणीकर, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, गाव तेवढं लिहिलंय, म्हणून गावावरूनच हाक मारतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. पहिल्या कस्टम, म्हणजे मनासारखी बदलून घ्यायच्या गाडीसाठी हिरो होंडाची जुनी सीडी हंड्रेड किंवा स्प्लेंडर घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. 'दूधवाल्याची गाडी' कोण सजवणार, असं तुम्ही विचारता. मी सारखं 'कागद, कागद' करून पोरांना घाबरवतो, हा दुसरा आक्षेप. आणि तुमच्या काकांची येझदी रोडकिंग गोठ्याशेजारी उभी आहे, तिची तुम्ही कॅफे रेसर, म्हणजे खाली हँडल, छोटी सीट आणि छाटलेलं मागचं अंग अशी शर्यतीच्या थाटाची गाडी करणारच. गाडी घरची, पैसा घरचा, मी कोण सांगणारा?

कोणी नाही. पण एवढं लिहिलंत तर उत्तर द्यायला पाहिजे की.

दूधवाल्याचं आधी मिटवू. किटल्या लटकवून फिरायची ती राजदूत १७५, आणि तिच्यासाठी आज शौकीन लोक गावोगाव हिंडतात. तेव्हा दुधाचा कमीपणा नको. सीडी हंड्रेड १९८५ साली आली. तिचं ९७.२ सीसीचं इंजिन पुढे स्प्लेंडरमध्येही वर्षानुवर्षं चाललं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लचप्लेटा, टायमिंग चेन, सगळं खानापूर-चिक्कोडीतल्या साध्या दुकानातही मिळतं. पहिली गाडी उघडणारा माणूस वेल्डिंगपाशी अडत नाही, पार्टची वाट बघण्यात अडतो. महिना गेला, दोन गेले, आणि मग खोक्यात भरलेली गाडी 'प्रोजेक्ट बाइक' म्हणून विकायला निघते. अशा जाहिराती तुम्हीही बघत असालच.

आता कागद. बेळगाव-निपाणी पट्ट्यात हा विषय इतरांपेक्षा आपल्यालाच जास्त नडतो, कारण गाडी बघायला आपण कोल्हापूरला जातो आणि चालवतो इकडे. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर नंबरची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून आणायची आणि तशीच फिरवायची, हे सर्रास चालतं. पण बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत) फॉर्म २८ वर, इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, शिवाय कर्नाटकाचा टॅक्स. मालक तिसरा-चौथा असेल आणि मूळ आरसीवाला सापडत नसेल, तर सह्या कोणाच्या आणणार? एजंट 'होतंय की' म्हणतो. त्याचं काय जातं? हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर गाडी बाजूला घ्या म्हटलं की उभे तुम्हीच राहणार.

म्हणून जुनी गाडी बघायला जाताना मी खिशात रॉकेलची चिंधी आणि टॉर्च ठेवतो. हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, पंच केलेला असतो. तिथली माती-ग्रीस पुसायची आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरपी धरायची. कंपनीच्या पंचाचे आकडे एका ओळीत आणि साधारण एकाच खोलीचे दिसतात. एखादा आकडा वर चढलेला, एखादा जास्त रुतलेला, आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक रेघा, किंवा तेवढ्याच जागी रंगाचा जाड थर, यातलं काहीही दिसलं तर भावाची घासाघीस करू नका. चहा प्या आणि निघा. इंजिन कितीही मधुर वाजू दे. बोअर, बुश, स्लीव्ह, क्रँक यातलं काहीही बिघडलं तर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत करून मिळतं. या गावाने फाउंड्री आणि लेथवरच पोट भरलंय. चेसी नंबर मात्र कोणी बनवून देत नाही, आणि देत असेल तर तो माणूस आपल्या कामाचा नाही.

आता तुमची रोडकिंग. इथे मी हट्टी आहे, कबूल.

माझा हिशेब असा: पूर्ण असलेली आणि दुर्मीळ गाडी मूळ रूपात आणावी, अर्धवट उरलेली आणि ढिगाने मिळणारी गाडी हवी तशी कापावी. तुम्हीच लिहिता की काकांच्या गाडीला टाकी, दोन्ही सायलेन्सर, मडगार्ड, मीटर सगळं जागेवर आहे. रोडकिंग १९७८ ला आली आणि १९९६ ला म्हैसूरचा कारखानाच बंद पडला. येझदी नावाच्या नव्या गाड्या २०२२ पासून मिळतात, पण त्या फोर स्ट्रोक, तुमची टू स्ट्रोक. त्यांचा एक नट तुमच्या गाडीला लागायचा नाही. आणि जिचा गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किकचा दांडा होतो, अशी गाडी घरात असताना तिचं मागचं निम्मं अंग छाटायचं?

बरं, छाटली समजा. कॅफे रेसर म्हटल्यावर सायलेन्सर आखूड होणार, एअर फिल्टरचा डबा जाणार, जाळीचा फिल्टर येणार. फोर स्ट्रोकला हे एक वेळ पचतं. टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे इंजिनाचाच भाग. सिलिंडरमधून जळलेल्या गॅसबरोबर थोडं ताजं मिश्रणही निसटतं, आणि सायलेन्सरच्या आतून परत फिरणारी दाबाची लाट ते पोर्टपाशी पुन्हा आत ढकलते. लांबी आणि आतली रचना बदलली की लाटेची वेळ चुकते. खालच्या आरपीएमला गाडी मेल्यागत ओढते. वरून फिल्टर उघडा, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, म्हणजे तेलही कमी. वंटमुरी घाटात तिसऱ्या गिअरवर पिळली की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. मग कार्बोरेटरचे जेट बदलत बसायचं, आणि बसणारा माणूस टू स्ट्रोक जाणणारा हवा. असे मिस्त्री आता फार उरले नाहीत.

'माझी गाडी, माझी मर्जी' हे कायद्यालाही मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी, रंग बदलला तर आरसीवर नोंद. आणखी एक बघा. ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी देण्याचा नियम २०२१ साली झाला. त्या गाड्या रोज फिरवता येत नाहीत, पण पहिली अट काय, तर गाडी मूळ स्वरूपात हवी. सुरुवातीच्या रोडकिंगना २०२८ मध्ये ५० वर्षं भरतात. कापलेली गाडी त्या दारात उभी राहणार नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडे जातोच. जाऊ दे.

तुम्हाला कॅफे रेसर हवीच असेल तर करा, माझी अजिबात ना नाही. टाकी गेलेली, सीट फाटलेली, पण आरसी जिवंत आणि नंबर चोख अशी सीडी हंड्रेड शोधा. फ्रेमला हात न लावता हँडल, सीट, दिवे एवढ्यावरही गाडीचा चेहरा बदलतो.

आणि रोडकिंगचं म्हणाल तर काका वारलेत, आरसी त्यांच्याच नावावर आहे असं तुम्ही लिहिलंय. वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. तुम्ही पुतणे, म्हणजे काकू आणि चुलत भावंडांची लेखी संमती आधी. हे दिवाळीत सगळे घरी असतात तेव्हा उरकून घ्या. नंबर केए सुरू व्हायच्या आधीचा असेल तर चिक्कोडी आरटीओत त्याची संगणकावर नोंद आहे का तेही बघा. नसेल तर ती आधी करून घ्यावी लागेल. तोवर किक मारू नका. गोठ्याशेजारच्या ओलीत रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असू शकतात. प्लग काढून आत थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा, चार दिवस राहू द्या, मग गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू हलवून बघा. टाकीतलं जुनं पेट्रोलही काढून टाका. चाक हललं की नाही, आणि चेसी नंबर आरसीशी जुळला की नाही, एवढं इथेच खाली लिहा.