सन्मान म्हणे! 'रेडस्किन्स'च्या फॉरवर्डला उत्तर

वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने 'रेडस्किन्स' (शब्दशः 'लाल कातडीवाले', अमेरिकेतल्या मूळनिवासींना उद्देशून) हे जुनं नाव परत घ्यावं असं जुलै २०२५ मध्ये ट्रम्प बोलले आणि तेव्हापासून एक मराठी फॉरवर्ड मोकाट सुटलाय. आमच्या काकांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. तिथवर माझं काही म्हणणं नव्हतं, काका तर हळदीने मधुमेहही बरा करतात. पण व्हर्जिनियातल्या चुलतबहिणीचा मुलगा आठवीत आहे. त्याने तेच मुद्दे शाळेतल्या डिबेटसाठी उचलले आणि वर मला विचारलं, "मामा, हे बरोबर आहे ना?" नाही रे बाबा, बरोबर नाही.

फॉरवर्ड थोडक्यात असा: 'रेडस्किन्स' हे नाव एका मूळनिवासी प्रशिक्षकाच्या सन्मानार्थ ठेवलं होतं. ९० टक्के मूळनिवासींना त्यात काही वावगं वाटत नाही. बोधचिन्हसुद्धा त्यांनीच करून दिलं. २०२० मध्ये चार 'वोक' (म्हणजे अतिपुरोगामी) पोरांनी गोंधळ घातला म्हणून नाव गेलं. आणि शेवटी, 'आपल्याकडे पुणेरी पलटण चालते की, मग यांनाच काय झालं?'

आधी तो सन्मान बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

प्रशिक्षकाचं नाव विल्यम डीट्झ, टोपणनाव 'लोन स्टार'. संघ १९३२ मध्ये बॉस्टनला सुरू झाला तेव्हा त्याचं नाव 'ब्रेव्ह्ज' होतं, कारण ज्यांच्या मैदानावर तो खेळायचा त्या बेसबॉल संघाचं नाव ब्रेव्ह्ज. पुढच्या वर्षी मैदान बदललं. दोन ब्रेव्ह्जचा घोळ नको म्हणून नावही बदललं. हे माझं मत नाही, संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल याने स्वतः सांगितलेलं कारण आहे. असोसिएटेड प्रेसची ती बातमी जुलै १९३३ मध्ये 'हार्टफर्ड कूरंट'मध्ये छापून आली. त्यात मार्शल म्हणतो की आमचा मुख्य प्रशिक्षक डीट्झ इंडियन (म्हणजे मूळनिवासी) आहे आणि काही खेळाडूही तसे आहेत, पण कुणाला शंका येईल म्हणून सांगतो, हे नाव मला त्यावरून सुचलेलं नाही. बारसं करणारा बाप नावाचं कारण सांगतोय, आणि नव्वद वर्षांनी आमचे काका म्हणतात, नाही, नाव सन्मानासाठीच होतं!

आता यातली खरी गंमत. ज्याच्या सन्मानासाठी म्हणे नाव ठेवलं, तो डीट्झ मूळनिवासी होता का, हाच प्रश्न १९१९ मध्ये स्पोकेनच्या कोर्टात गेला होता. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीच्या नोंदणीत त्याने आपण 'नागरिक नसलेला इंडियन' असल्याचं लिहिलं. सरकारचं म्हणणं होतं की ते खोटं आहे. सू जमातीच्या ज्या बेपत्ता माणसाची ओळख त्याने स्वतःची म्हणून सांगितली होती, त्याची बहीण साक्षीला आली. हा माझा भाऊ नाही, असं तिने सरळ सांगितलं. ज्यूरीचं एकमत झालं नाही. पुन्हा खटला उभा राहिला तेव्हा डीट्झने बाजू लढवलीच नाही आणि ३० दिवस तुरुंगात काढले. वंशाबद्दलचा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही, पण सन्मानाचा पुरावा म्हणून हाच माणूस पुढे करायचा म्हणजे कमाल आहे.

आणि सन्मान करणारा कोण? मार्शल. १९३७ मध्ये त्याने संघ वॉशिंग्टनला नेला. बँडवाल्यांना पिसांचे मुकुट घातले. संघाच्या गाण्याच्या मूळ शब्दांत मोडकीतोडकी इंग्रजी आणि डोक्याची कातडी सोलण्याची भाषा होती. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा शेवटचा संघ याचा. तेही १९६२ मध्ये, आणि मनाने नव्हे. नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं. सरकारी जमिनींचं खातं सांभाळणारे अंतर्गत खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी, भेदभाव चालू राहिला तर तिथे खेळता येणार नाही, असं बजावलं, तेव्हा कुठे बॉबी मिशेल हा कृष्णवर्णीय खेळाडू संघात आला. मार्शलने मृत्युपत्रात मुलांसाठी एका संस्थेची तरतूद केली आणि त्यातही अट घातली, की यातला पैसा वंशभेद मोडण्याच्या कोणत्याही कामाला जाता कामा नये. आपण याच्या सन्मानबुद्धीबद्दल बोलतोय.

९० टक्क्यांचं म्हणाल तर तो आकडा खोटा नाही. २००४ च्या अॅनेनबर्ग पाहणीत तो आला, २०१६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने ५०४ जणांना विचारलं तेव्हाही आला. पण फोनवर जो म्हणेल मी मूळनिवासी, तो मूळनिवासी, अशी मोजणी होती. २०२० मध्ये बर्कली आणि मिशिगनच्या संशोधकांनी हजारावर लोकांना विचारलं. जवळपास निम्म्यांना हे नाव अपमानास्पद वाटत होतं, आणि जमातीच्या चालीरीती नियमित पाळणाऱ्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं. म्हणजे समाजाशी नाळ जितकी घट्ट, तितका राग जास्त. शिवाय आवडलं म्हणजे अपाय होत नाही असं थोडंच आहे? मानसशास्त्रज्ञ स्टेफनी फ्रायबर्ग यांचा २००८ चा अभ्यास आहे. मूळनिवासी मुलांना क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघाचं जुनं बोधचिन्ह 'चीफ वाहू' याच्यासारखी चित्रं दाखवली. ती बघून मुलांनी वाईट काही म्हटलं नाही, पण त्यांचा आत्मसन्मान मात्र घसरला, आणि पुढे आपण काय काय करू शकतो याची त्यांची कल्पनाही आक्रसली. डिबेट करायचीच असेल तर यावर कर, बाळा.

बोधचिन्हाचा मुद्दा मात्र, जिवावर आलं तरी, कबूल करतो. ते चित्र खरंच वॉल्टर वेट्झेल या ब्लॅकफीट जमातीच्या गृहस्थांच्या आग्रहाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते चित्र गेल्याचं त्यांच्या घरच्यांना वाईटही वाटलं, आणि त्यांचं वाईट वाटणं खोटं नाही. पण तोवर नाव जवळपास चाळीस वर्षं जुनं होतं. त्यांना चेहरा बदलता आला, नाव नाही. आणि वेट्झेल मूळनिवासींच्या ज्या नॅशनल काँग्रेस ऑफ अमेरिकन इंडियन्सचे अध्यक्ष होते, तीच संघटना १९६८ पासून अशा चित्रणाविरुद्ध मोहीम चालवत होती. हे फॉरवर्डमध्ये नसतं.

पुणेरी पलटणीबद्दल काय बोलायचं! पुण्याच्या संघाला पुण्याचं नाव आहे आणि टाळ्या वाजवणारे पुणेकरच आहेत. तुलना करायची तर कॅन्सस सिटीशी करा. तिथे हजारो गोरे लोक एका सुरात ओरडत हात कुऱ्हाडीसारखा खाली आणतात, ज्यांची कुऱ्हाड त्यांची जमीन कधीच गेली. २०२० मध्ये तिथल्या 'चीफ्स' संघाने पिसांच्या मुकुटावर आणि तोंड रंगवण्यावर बंदी घातली, कुऱ्हाड चालूच आहे. उलट फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ 'सेमिनोल्स' हे नाव आजही वापरतं, कारण फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीने तशी संमती दिली आहे. विचारलं की उत्तर मिळतं, कधी 'हो' असंही. मार्शलने कुणाला विचारलं होतं?

राहिली 'वोक' पोरं. मूळनिवासी कार्यकर्त्या सुझान हार्जो आणि इतर सहा जणांनी या नावाचा ट्रेडमार्क रद्द करा म्हणून अर्ज केला तो १९९२ मध्ये. नंतर अमांडा ब्लॅकहॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच लढा पुढे नेला. २०१४ मध्ये ट्रेडमार्क रद्दही झाला, पण २०१७ मध्ये वेगळ्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने अपमानास्पद ट्रेडमार्कना मनाई करणारं कायद्यातलं कलमच उडवलं आणि सगळं पाण्यात गेलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, मालक डॅन स्नायडर म्हणाला होता की नाव कधीच बदलणार नाही, हवं तर 'कधीच' मोठ्या अक्षरांत छापा. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतरचं वातावरण कारणीभूत ठरलं, हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की २ जुलै २०२० ला फेडेक्स या कुरिअर कंपनीने, ज्यांचं नाव स्टेडियमला होतं, नाव बदला म्हणून जाहीरपणे सांगितलं आणि नायकेच्या साइटवरून संघाचे कपडे गायब झाले. १३ जुलैला स्नायडरने नाव सोडलं. हे 'वोक' पोरांचं काम असेल तर ती पोरं फेडेक्सच्या कार्यालयात कोट घालून बसतात, एवढं काकांना कळवायला हवं.