फुकटात मालक कोण?

स्क्रीन धड, की-बोर्ड धड, बॅटरीसुद्धा तासभर तग धरते. तरी दुकानातल्या पोराने माझा लॅपटॉप दोन बोटांनी बाजूला सरकवला. "काका, याच्यात इलेव्हन जाणार नाही. नवीन घ्या." (मला काका म्हणाला, हेही मी विसरलेलो नाही.)

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि ११ला टीपीएम २.० नावाची चिप लागते. ती माझ्याकडे नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलं. पेन ड्राइव्ह तयार केला, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो पेन ड्राइव्हवरून सुरू होईल असं केलं, इन्स्टॉलेशन सुरू झालं. इथवर सगळं बिनबोभाट. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका मेंटेनन्सचं बिल घेऊन आले. सहकारी बँकेतून निवृत्त, सोसायटीचे खजिनदार.

"हे काय नवीन? कितीला पडलं?"

"फुकट आहे, काका."

काकांनी सोफ्यावर पाय वर घेतले. म्हणजे आता चहा टाकणं आलं.

"फुकट म्हणजे पहिला महिना?"

"नाही, कायमचं."

"मालक कोण?"

"तसा एक मालक नाही. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने याचा गाभा लिहिला आणि इंटरनेटवर ठेवून दिला. आता जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात."

"पगार?"

"काहींना त्यांच्या कंपन्या देतात. काही जण हौसेनं करतात."

"हौसेनं! आपल्या गणपतीच्या आरासीला चार पोरं हौसेनं येत नाहीत. बरं, सही कुणाची असते?"

"कसली सही?"

"अरे, उद्या बिघडलं तर जबाबदार इसम कोण?"

परवान्यातच 'कसलीही हमी नाही' असं लिहिलेलं असतं, हे मी सांगायला नको होतं. काकांचा चेहरा उजळला. मग मीही सांगून टाकलं, "तुमच्या फोनमधल्या अँड्रॉइडच्या पोटातही हाच गाभा आहे." काकांनी खिशातून फोन काढला, उलटसुलट पाहिला आणि टेबलावर, जरा लांबच ठेवला.

हेच काका कोथिंबीर फुकट दिली नाही म्हणून भाजीवाला बदलतात. फुकट वस्तूचा त्यांना संशय येत नाही, फुकट देणाऱ्या माणसाचा येतो.

इन्स्टॉलेशन झालं आणि वायफाय गायब. वायफायची चिप बनवणाऱ्या कंपनीने तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, खुला केलेला नाही, म्हणून तो वेगळा उतरवावा लागतो. उतरवायला इंटरनेट हवं. इंटरनेटला वायफाय हवं. "तरी म्हटलं!" काका. फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरता येतं, पण माझा फोन नेमका मेला होता. टेबलावर फोन होता तो काकांचा. ड्रायव्हर उतरला, वायफाय दिसायला लागलं, आणि काकांनी पहिला प्रश्न विचारला, "माझा डेटा किती गेला?"

सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही याच दुखण्याचा. मी म्हटलं, त्यातही हेच टाकून देतो, बिलं आणि पावत्या छापायला पुष्कळ झालं. केरळातल्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात.

"तिकडची ऑडिटं वेगळी," काका म्हणाले. "ऑडिटरला मी काय दाखवू? तीन कोटेशनं लागतात. तुझं एकच, आणि त्यावरही आकडा नाही. शून्य रुपयांची पावती देशील?"

देतो म्हटलं. काका म्हणाले, शून्यावर सही करायला कमिटी तयार होणार नाही.

परवाच्या मीटिंगमध्ये बेचाळीस हजारांचा नवा कॉम्प्युटर एकमताने मंजूर झाला. एकमताने, कारण मी हात वर करायच्या आत चहा आला. जिन्यातला दिवा गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे, त्यासाठी फंड नाही. पण मेंटेनन्सच्या बिलात 'संगणक निधी' अशी नवी ओळ आली आहे, आणि ती मलाही भरायची आहे. माझा लॅपटॉप मस्त चालतोय, हा लेख त्यावरच लिहितोय, पण हे कुणाला सांगणार?

जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याने चारशे रुपयांना नेला. त्याची पावती काकांनी मागितली नाही.