कोणाचो रे तू?

सगळा घोळ साक्यामुळे झाला. ज्यांना आंबा फक्त आमरसातून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो: साका म्हणजे हापूसच्या पोटात होणारा पांढरट, आंबट, भुसभुशीत गर. वरून साल सोन्यासारखी, वास घरभर, आणि सुरी फिरवली की आत स्पंज. कापल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळत नाही. गेल्या वर्षी काकांकडून घेतलेल्या पाच डझनांच्या पेटीत असे चौदा निघाले. फोन केला तर काका म्हणाले, "साको हो उन्हाचो दोष, झाडाचो नाय." आणि उन्हाचे पैसे काका परत देत नाहीत.

म्हणून या एप्रिलात मी ठरवलं की पेट्या गावातल्याच दुसऱ्या बागायतदाराकडून घ्यायच्या, आणि काकांना पत्ता लागू द्यायचा नाही. फोनवर बोलणी करता आली असती, पण आमच्या गावात फोन हा खासगी प्रकार नाही. तो ओसरीवर, स्पीकर लावून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घेतला जातो. तेव्हा स्वतःच जायचं, झाडाखाली उभं राहून आंबा कापून बघायचा, पैसे द्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत.

अडचण होती ती कणकवलीपासून पुढची. एसटीत बसलो की संपलं. आमच्या बाजूच्या गाडीत कंडक्टर तिकीट नंतर फाडतो, आधी "काकांची तब्येत कशी?" विचारतो. गाडी गावात शिरायच्या आत तुम्ही आल्याची बातमी तिच्यापुढे दोन स्टॉप असते.

इथे माझा भाचा मदतीला आला. तो पुण्यात शिकतो आणि सुट्टीत लोकांच्या गाड्यांना हात करत लडाखपर्यंत जाऊन आलेला आहे. त्याच्या मते लिफ्ट मागत फिरणं हाच खरा प्रवास. तिकीट नाही, वेळापत्रक नाही, आणि मुख्य म्हणजे, "मामा, अनोळखी माणसासोबत आपण कोणीही असू शकतो." हे वाक्य माझ्या थेट काळजात घुसलं. मला नेमकं कोणीही व्हायचं होतं. त्याने मला क्यूबाचीही गोष्ट सांगितली. तिथे म्हणे रस्त्यावर पिवळ्या कपड्यांतले सरकारी अधिकारी उभे असतात, सरकारी गाड्या थांबवतात आणि ताटकळलेल्या लोकांना त्यांत बसवून देतात. मी भारावून गेलो. भारावलेल्या माणसाने कोकणात जाऊ नये.

शिवाय मला वाटलं, हे आपल्याला नवीन थोडंच आहे? २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो २०२२चा एप्रिल उजाडला तेव्हा मिटला. तेवढे महिने अर्धी तळकोकणी प्रजा रस्त्याकडेला हात वर करूनच उभी होती. शाळेची पोरं डंपरमधून गेली, म्हाताऱ्या मासळीच्या टेम्पोतून दवाखान्यात गेल्या. फक्त त्याला कोणी हिचहायकिंग म्हटलं नाही.

तर, सकाळी कणकवलीला उतरलो, उसळपाव खाल्ला. तिथे महामार्ग आता उड्डाणपुलावरून जातो, त्यामुळे लिफ्ट मागणारा खाली आणि देणारा वर. शेअर रिक्षाने नांदगाव तिठ्यावर आलो आणि देवगडच्या फाट्यावर सावली बघून उभा राहिलो.

भाच्याने सांगितल्याप्रमाणे आधी अंगठा वर केला. पहिल्याच मोटरसायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला. मी आनंदाने धावलो. तो म्हणाला, "ठेंगो कोणाक दाखवतंस रे?" आणि गेला.

मग दुसरा उपाय, पाटी. टपरीवाल्याकडून आंब्याच्या खोक्याचं एक झाकण मागून घेतलं. त्यावर मोठ्या अक्षरात आयतंच "देवगड हापूस" छापलेलं होतं. "हापूस" वर पंजा ठेवला की "देवगड" उरत होतं. हे मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं. पाच मिनिटांत गाड्या थांबायला लागल्या. पहिलीची काच खाली आली, आतून गारवा आला, पाठोपाठ एक बाई म्हणाल्या, "डझन कितीला?" दुसरीतल्या गृहस्थांनी "कार्बाइडचे नाहीत ना?" असं दरडावून विचारलं. तिसऱ्याने मला भाव पाडून मागितला. मी आंबेवाला नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग झाकण कशाला धरलंय?" याला उत्तर नव्हतं. एवढ्यात मागे बघतो तर दोन आज्या आणि एक शाळकरी मुलगा पिशव्या घेऊन रांगेत. त्यांच्या हिशेबी, हातात "देवगड" धरून उभा राहिलेला माणूस म्हणजे वडाप, म्हणजे शीटा भरून सुटणारी खासगी गाडी, भरणारा. "आणि किती शीटा व्हयी?" एकीने विचारलं. मी अजून गाडीच नाही हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पैसे घेऊन पळालेला माणूस तिला त्यापेक्षा बरा वाटला असता.

शेवटी आमचा पिवळ्या कपड्यांतला अधिकारी धावून आला. तो म्हणजे टपरीवाला. बनियनवर होता, पण अधिकार पूर्ण. त्याने एका मोटरसायकलला नुसत्या फडक्याने थांबवलं आणि हुकूम सोडला, "ह्यांका शिरगावापर्यंत घेऊन जा." आज्यांना त्याने आधीच एका रिक्षात कोंबलं होतं. अधिकाऱ्याला प्राधान्यक्रम माहीत होता.

मोटरसायकलवाला पन्नाशीचा, कानावर विडी. "बसा. पण हो कोंबडो वायच धरा." माझ्या हातात पाय बांधलेला, लालभडक तुऱ्याचा एक गावठी कोंबडा आला. राखणेचा होता. बागेच्या राखणदाराला वर्षातून एकदा द्यायचा असतो तो. कोंबड्याला आपलं भवितव्य ठाऊक असावं, कारण त्याने माझ्या मनगटावर पहिली चोच मारली ती गाडी दुसऱ्या गियरमध्ये जाण्याआधी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं असा कायदा आहे. चोचीसाठी काय लागतं ते कायद्यात नाही.

आणि मग तो प्रश्न आला. अनोळखी माणूस आपल्याला लुटेल, आडरस्त्याला नेईल अशी भीती लोकांना असते. कोकणात तो त्याहून वाईट करतो. तो विचारतो, "कोणाचे तुमी?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

"पुण्याचे ते सगळेच. मूळ खंयचे?"

"मूळ... पुण्याचाच. जोशी."

थोडा वेळ नुसता वारा. मग वळणावर वेग कमी करत तो म्हणाला, "जोशांचो माणूस कोंबडो असो धरना नाय." मी खाली बघितलं. मी कोंबड्याचे दोन्ही पंख मागे घेऊन, पाय काखेत अडकवून, लहानपणी आजीने शिकवला तसा अगदी शास्त्रोक्त धरला होता. "आणि नाक," आरशात बघत तो पुढे म्हणाला, "नाक तर आमच्या वाडीतलां दिसता. खोटा कित्याक सांगतास?"

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, या पाच जिल्ह्यांतला असेल तरच त्याला हापूस म्हणायचं. ते मिळवायला केवढी कागदपत्रं लागली असतील. मला माझं मानांकन चालत्या मोटरसायकलच्या आरशात, फुकट मिळालं.

शिरगावला त्याला नारळ आणि "ती दुसरी वस्तू" घ्यायची होती, म्हणून मी उतरलो. जाताना त्याने पैसे घेतले नाहीत. कधीच घेत नाहीत. माहिती घेतात.

दुसरी लिफ्ट आंब्याच्या टेम्पोची. रिकामे क्रेट घेऊन तो बागेकडे चालला होता. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि तीन पोरं. "हौद्यात बसा," तो म्हणाला, आणि मी बसलो. आता हे मी कोणाला सांगू नये, कारण माझा एक मित्र वकील आहे आणि त्याने नंतर मला शांतपणे समजावलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा निकाल आहे. म्हणजे त्या हौद्यात बसल्यावर कायद्याच्या दृष्टीने माझी किंमत आंब्याच्या भरल्या पेटीहून कमी होती. मालाचा विमा निदान उतरवता तरी येतो. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, पण क्रेटना असावं. प्रत्येक वळणावर ते डावीकडून उजवीकडे येत आणि मला आपटून परत जात. वर एप्रिलचं ऊन, खाली तापलेला पत्रा, दोन्ही बाजूंना कातळ. सड्यावर, म्हणजे या उघड्या कातळाच्या माळावर, सावली नावाची वस्तू नसते. असते ती लाल धूळ. ती आधी बुटांत गेली, मग कानांत, मग मी तोंड उघडून "हळू" म्हणालो तेव्हा तोंडात.

मध्येच टेम्पो थांबला. एकाकी आंब्याखाली. मला वाटलं, बिघडला. नाही. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज फक्त त्याच झाडाखाली येते, म्हणून त्याचं नावच रेंजचो आंबो. ड्रायव्हर खाली उतरून फोनवर बोलू लागला आणि मला शब्द स्पष्ट ऐकू आले: "होय, होय, हौद्यात आसा. पांढरो शर्ट. म्हणजे व्हतो, आता तांबडो झालोहा. होय, नाक तसांच."

मीही तेवढ्यात बायकोला फोन लावून घेतला आणि सगळं रंगवून सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "तुला मजा वाटते कारण तू पुरुष आहेस. मी एकटी तिठ्यावर हात करून उभी राहिले असते तर कोणी कोंबडा धरायला दिला नसता." यावर मी काही बोललो नाही. तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, शेवटची गाडी चुकली म्हणून ती एकदा स्टँडवरच रात्रभर कोळणींच्या टोपल्यांना टेकून बसली होती. समोरून गाड्या जात होत्या. "बसा, सोडतो" म्हणणारेही होते. ती बसली नाही, आणि मासळीचा वास त्या साडीतून कधी गेला नाही. भाचा हे असलं काही सांगत नाही, कारण त्याच्यावर ते कधी आलेलं नाही.

तळेबाजारला टेम्पोने मला उतरवलं. तिथून गाव समुद्राच्या अंगाला, थोडंच दूर. मी हॉटेलच्या नळावर तोंड धुतलं, अंगावरची माती झटकली, तर ती शर्टात आणखी मुरली. अजूनही आशा होती. इथून चालत जायचं, मागच्या व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, वर चढायचं आणि काकांच्या घराला वळसा घालून थेट त्या दुसऱ्या बागेत.

दहा पावलं गेलो असेन. मागून एक जीप येऊन बाजूला थांबली. मी हात केला नव्हता. अंगठा तर नाहीच नाही. दार आतून उघडलं.

"बसा," ड्रायव्हर म्हणाला. "काकान गाडी धाडल्यान."

"मी... मी चालतच जाणार होतो."

"तां पण काकान सांगल्यान. चलत जायत म्हणाले, व्हाळातसून. म्हणान मी हयच थांबलंय."

माझ्या आयुष्यातली सर्वात आरामशीर लिफ्ट ती. गाडी गार होती, सीट मऊ होती, आणि मी फाशीला निघालेल्या माणसासारखा ताठ बसलो होतो. वाटेत ती दुसरी बाग लागली. बागायतदार गडग्यावर उभा होता. त्याने मला बघितलं आणि हात वर केला. निरोपाचा.

काका ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. "इलंस?" एवढंच म्हणाले. काकूने तांब्याभर पाणी आणि कोकमाचं सरबत दिलं. कोपऱ्यात सहा पेट्या सुतळीने बांधून तयार, वर निळ्या शाईत माझं नाव. जोशी नाही, खरं. काका भाव बोलले नाहीत, मी विचारला नाही. पाकीट काढलं, नोटा मोजल्या. काकांनी त्या पुन्हा मोजल्या.

"साक्याचे निघाले तर?" मी धीर करून विचारलं.

"निघाले तर उन्हाक विचार. आज तुका भेटलाच आसतला, सड्यावर."

रात्रीची गाडी मी सोडली. काकूने वडे तळायला घेतले होते आणि चुलीवर काहीतरी रटरटत होतं. बागेतली राखण देऊन पुरुष मंडळी परतली, त्यांत तो मोटरसायकलवाला होता. माझ्याकडे बघून त्याने कानावरची विडी काढली, हसला, आणि शेजारी मांडी घालून बसला. पानं वाढली. काकांनी स्वतः उठून माझ्या पानात एक मोठा तुकडा वाढला, मग माझ्या मनगटावरच्या चोचीच्या खुणांकडे बघितलं.

"वळाखलंस मां?"