क्विनीचं पत्र राहून गेलं

शेक्सपिअरचं आयुष्य जुन्या नोंदी आणि संग्रहांतून उलगडणारा लेख मनापासून आवडला. मृत्युपत्रात बायकोच्या नावे ठेवलेल्या त्या पलंगावर एवढं लिहिलंत, मग रिचर्ड क्विनीच्या पत्राला चार ओळी तरी द्यायच्या होत्या! २५ ऑक्टोबर १५९८ ला कामासाठी लंडनला आलेल्या या स्ट्रॅटफर्डकराने आपल्या गाववाल्याकडे, म्हणजे शेक्सपिअरकडे, ३० पौंडांची उसनवारी मागितली. शेक्सपिअरच्या नावे लिहिलेलं, आज शिल्लक असलेलं हे एकमेव पत्र. तेही सापडलं क्विनीच्याच कागदपत्रांत, म्हणजे बहुधा पोचलंच नाही. शेक्सपिअर तेव्हा गावच्या लोकांच्या अडीनडीला पैसा पुरवू शकेल इतका सधन मानला जात होता, हे मला कुठल्याही चरित्रापेक्षा या कागदातून जास्त कळतं. (क्विनीचा मुलगा टॉमस पुढे १६१६ मध्ये शेक्सपिअरचा जावई झाला.)

चर्चच्या नोंदवहीचंही तसंच. शेक्सपिअरचा २६ एप्रिल १५६४ चा बाप्तिस्मा सगळे सांगतात. पण त्याच वर्षीच्या जुलैत दफनांच्या नोंदींत 'इथून प्लेग सुरू झाला' असं लॅटिनमध्ये लिहिलंय. तान्हं बाळ त्यातून वाचलं. पुढच्या भागात ही पानं जरूर दाखवा.