‘त्या काळी’ म्हणजे कुणाच्या काळी?

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात दोन वचनं आहेत, २० आणि २१. मालकाने दासाला काठीने मारलं आणि तो जागीच मेला, तर मालकाला शिक्षा. पण एक-दोन दिवस जगला तर शिक्षा नाही, कारण तो दास म्हणजे मालकाचं धन. मी बायबल वाचतच मोठी झाले, आजही रोज वाचते. कित्येक वर्षं या दोन वचनांवरून माझी नजर न अडखळता पुढे जायची. आता जात नाही.

मध्यंतरी प्रार्थनेनंतरच्या गप्पांत हा विषय निघाला. वडीलधारे एक गृहस्थ म्हणाले, “अगं, त्या काळी ते चालायचं. आजची फूटपट्टी तेव्हाच्या माणसांना कशी लावणार?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. मला तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

चालायचं, पण कुणाला? काठी ज्याच्या हातात होती त्याला. ती ज्याच्या पाठीवर पडत होती, तोही त्याच काळातला माणूस होता ना? ‘तेव्हाचे लोक असंच मानायचे’ असं आपण सहज म्हणून जातो, आणि त्या ‘लोकां’मधून दासाला गुपचूप वगळतो. त्याला हे चुकीचं आहे हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं नव्हतं. तो पळून जात होता. म्हणून तर बायबलमधल्याच ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सांगावं लागलं, की पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या मालकाच्या हवाली करू नकोस. (हे वचन मला फार प्रिय आहे. अमेरिकेने १८५० साली कायदा केला तो याच्या नेमका उलटा, आणि बायबल हातात घेऊन त्याची बाजू मांडणारे धर्मोपदेशक निघालेच.)

मग कुणीतरी म्हणतं, इब्री (हिब्रू, म्हणजे इस्राएली) लोकांची गुलामगिरी सौम्य होती, सहा वर्षं राबायचं आणि सातव्या वर्षी सुटका. खरं आहे, पण पुढचं वाचा. मालकाने त्याला बायको दिली असेल, मुलं झाली असतील, तर बायको-मुलं मालकाची. त्याने एकट्याने बाहेर पडायचं. त्यांना सोडवत नसेल, तर मालकाने त्याला दारापाशी न्यायचं आणि आरीने त्याचा कान टोचायचा. मग तो जन्माचा दास. दाराच्या चौकटीला कान लावून उभा असलेला तो बाप डोळ्यांसमोर आणा आणि मग मला सौम्य हा शब्द पुन्हा सांगा. शिवाय ही सवलत स्वकीयांसाठी. आजूबाजूच्या राष्ट्रांतले दास विकत घ्या, मुलांना वारशात द्या, असं ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय.

मी या वचनांचं समर्थन करत नाही. ती देवाच्या तोंडी घातलेली असली तरी मला त्यांत मालकाचाच आवाज ऐकू येतो. हे म्हटल्याने माझ्यावर रागावणारे आहेत, त्यांतले काही माझ्या जवळचे आहेत. रागावा, पण उत्तर द्या.

आणि मालकांनाही कळत होतं. याचा पुरावा छापील आहे. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. ६६ पुस्तकांपैकी फक्त १४ पुस्तकांतले उतारे त्यात उरले. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून इस्राएल लोक सुटले ती सगळी कथा गाळली. ‘दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्तात तुम्ही सर्व एक आहात’ हे गलतीकरांस लिहिलेलं वचन गाळलं. ‘दासांनो, मालकांच्या आज्ञेत राहा’ हे इफिसकरांस पत्रातलं वचन मात्र जागेवर राहिलं. काय काढायचं हे ज्याला इतकं अचूक कळतं, त्याला ते का काढायचं हेही कळत असतं. ‘काळच तसा होता’ ही सबब मी त्याला देणार नाही.

काळाचंच बोलायचं, तर चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी ‘मी दास-दासी विकत घेतल्या’ या बायबलमधल्या ‘उपदेशक’ पुस्तकातल्या ओळीवर प्रवचन करताना विचारलं होतं, की देवाच्या प्रतिरूपाची, म्हणजे माणसाची, किंमत तुम्ही किती नाण्यांत ठरवलीत? सोळाशे वर्षांपूर्वी, याच पवित्र शास्त्रातून. प्रश्न विचारला गेला होता, ऐकला गेला नाही. अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट मंडळी (चर्च) १८४५ मध्ये गुलामांच्या मालकांची बाजू घेऊन वेगळी झाली आणि तिने माफी मागितली १९९५ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत बायबलचं एक अक्षरही बदललं नव्हतं. नीती काळाप्रमाणे आपोआप पुढे सरकते असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की ती सरकवली कुणी? मार खाणाऱ्यांनी, पळणाऱ्यांनी, त्यांच्या बाजूने उभं राहून आपल्याच मंडळीत नकोसे झालेल्यांनी.

अमेरिकन धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लहानपणी नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं, यशया, शुभवर्तमानं ती पुन्हा पुन्हा ऐकायची. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं मात्र वाचू द्यायची नाही. मोठा झाल्यावर त्याने कारण विचारलं. तिने सांगितलं, की मालकाचा धर्मोपदेशक गुलामांसाठी उपासना घ्यायचा तेव्हा दर वेळी पौलच काढायचा: दासांनो, आज्ञेत राहा. तेव्हाच तिने देवाला शब्द दिला होता, की कधी स्वातंत्र्य मिळालं आणि वाचायला शिकले, तर तो भाग मी वाचणार नाही.

एक अपवाद ती कधीमधी करायची. करिंथकरांस पहिल्या पत्राचा १३वा अध्याय, प्रीतीवरचा. तेवढा ती नातवाला वाचू द्यायची.