आचार्यांनी सोललेले कांदे

आज सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि काँप्युटरच्या बिघाडाबद्दलच्या माझ्या तक्रारीला परदेशातून एका ओळीचं उत्तर आलं. 'माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद करतो.' अकरा रात्री घालवल्या होत्या मी त्या तक्रारीवर. चहा उतू गेला, तोही माझ्याच खात्यात जमा झाला.

आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च मी छापतो, कारण गल्लीतला 'काँप्युटरवाला' मी. काँप्युटर जुना, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, फुकट मिळणारी आणि पुष्कळ जातींची. कुठली ते सांगत नाही, सांगितलं की तिचे भक्त दार ठोठावतात. गेल्या महिन्यात अपडेट घेताना वीज गेली. अर्धी पॅकेजं, म्हणजे प्रोग्रॅमची गाठोडी, आत, अर्धी उंबऱ्यावर. नेहमीची आज्ञा देऊन सगळ्यांना घरात घेतलं, पण त्यानंतर पडद्यावर बरोबर दिसणारं पीडीएफमध्ये बिघडायला लागलं. 'आचाऱ्यांना कांदे सोलण्याची मजुरी' ही नोंद सभेत खजिनदारांनी 'आचार्यांना कांदे सोलण्याची मजुरी' अशी खड्या आवाजात वाचली. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "कुठल्या मठाचे?"

सभा तिथंच संपली. माझी अब्रूही.

भानगड साधी आहे. 'आचाऱ्यां'मधला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे काँप्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, त्याचा क्रमांक २००डी, काम जोडण्याचं. माझा जुना कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा. नव्या पॅकेजनं ते न दिसणारं अक्षर कचरा समजून झाडून टाकलं, आणि र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला. न दिसणारा म्हणजे नसणारा, असं धरून चालणारी माणसं आम्हा सीमाभागातल्यांना नवी नाहीत म्हणा.

तक्रार लिहायला बसलो आणि नाना आले. नाना कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. माझा पेपर वाचायला येतात आणि माझ्याआधी वाचतात.

"काय करायलास?"

"तक्रार लिहितोय, नाना."

"कुणाला?"

"एक जण आहे. हे पॅकेज सांभाळतो."

"हुद्दा?"

"हुद्दा नाही. फुकट करतो, हौसेनं."

नानांनी चष्मा काढला. "मग त्याच्यावरचा साहेब?"

"साहेब नाही."

"अरे मग त्याची बदली कशी करणार?"

खुर्ची ओढून ते शेजारी बसले. पुढचे दोन तास माझा अर्ज माझा राहिला नाही. तीव्रतेच्या रकान्याशी आम्ही अडलो. डेबियन नावाच्या लिनक्समध्ये तीव्रतेच्या ७ पायऱ्या आहेत, क्रिटिकलपासून विशलिस्टपर्यंत. इतरांकडेही थोड्याफार फरकानं तसंच. मी 'नॉर्मल' निवडलं.

"खोड ते. नॉर्मल लिहिलेली फाइल मी तीस वर्षं तळाला ठेवलीय. सगळ्यात वरची कुठली?"

"क्रिटिकल. पण ती मोठा डेटा बुडाला, सुरक्षेला भोक पडलं, तर."

"आचार्यांची अब्रू गेली ती डेटात बसत नाही होय?"

पुढं विचारलेलं, 'याऐवजी काय व्हायला हवं होतं?' नाना म्हणाले, "नेमकं लिहू नकोस. नेमकं लिहिलं की नेमकं नाकारता येतं. 'न्याय मिळावा' एवढंच लिही." मी नेमकंच लिहिलं. परदेशी माणसाला समजावं म्हणून उदाहरणही दिलं : दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, आमच्या बेळगावाहून आंबोलीकडे गेलं की दऱ्या लागतात, दर्या नाही. नानांनी ते वाचून खाली सही करायला सांगितली. आणि पोच घ्यायला.

तक्रारीला क्रमांक मिळाला तेव्हा मात्र ते खूष झाले. "आवक नंबर पडला. आता पोरंबाळं बघून घेतील."

मग टोलवाटोलवी. पॅकेजवाला म्हणाला, मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना विचारा. ते म्हणाले, अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझला विचारा. तिथून सुचवलं, फाँट तपासा. बंगळूर, मुंबई, दिल्ली. आम्हाला वाट पाठ आहे. नानांना धीर द्यायला मी उबुंटू या लिनक्सच्या पहिल्या बगची, म्हणजे पहिल्या नोंदवलेल्या तक्रारीची, गोष्ट सांगितली. उबुंटूचा जनक मार्क शटलवर्थ, त्यानं २००४ साली तक्रार नोंदवली की बाजारात मायक्रोसॉफ्टचंच वर्चस्व आहे.

"२००४? आपला सुप्रीम कोर्टातला सीमेचा दावा पण २००४चाच. त्यांचा निकाल लागला?"

"२०१३ला बंद केली. फोन आले, अँड्रॉइड आलं, मायक्रोसॉफ्टचं वर्चस्व आपोआप ओसरलं."

नाना बराच वेळ गप्प राहिले. "म्हणजे तिसऱ्यानंच मिटवलं," म्हणाले, आणि गार झालेला चहा प्यायले.

आणि अकरा रात्रींनंतर हे, 'माझ्याकडे असं होत नाही.' होणार कसं? त्यानं पहिल्या तऱ्हेचा, नुक्तेवाला ऱ टाइप करून पाहिला. दोन्ही तऱ्हा मी लिहून दिल्या होत्या, क्रमांकांसकट, तिसऱ्या परिच्छेदात. तिसरा परिच्छेद जगात कुणी वाचत नाही. फुकट काम करणाऱ्याला बोलू नये, हे मला कळतं. पण मीही फुकटच करत होतो की! माझ्या अकरा रात्रींचं कौतुक कुणी करायचं?

"फेरविचार अर्ज टाक," नाना म्हणाले. "मूळ पुरावा जोड. तो छापलेला कागद कुठाय?"

कागद आचाऱ्याकडे होता. मजुरीची पावती म्हणून मीच दिला होता. दोघं त्याच्या घरी गेलो. तो गोकाककडचा, कानडी बोलणारा. कागद त्यानं देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर लावला होता, लॅमिनेट करून.

"अहो, त्यात चूक आहे," मी म्हटलं. "आचारी पाहिजे, आचार्य पडलंय."

"हौद्री," तो म्हणाला. "म्हणूनच लावलाय."