एचआरव्ही हा चेतासंस्थेचा तराजू नव्हे

फिटनेसच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की एचआरव्ही, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतराचा कमी-जास्तपणा, हा स्वायत्त चेतासंस्थेचा तराजू आहे: एका पारड्यात ताणाची सिंपथेटिक, दुसऱ्यात विश्रांतीची पॅरासिंपथेटिक. आकडा जितका मोठा तितकी तब्येत ठणठणीत. आणि घड्याळात तो 50 च्या खाली गेला की हृदय धोक्यात.

तराजूचं आधी बघू, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. हा चढउतार वारंवारतेनुसार, म्हणजे तो किती वेगाने होतो त्यानुसार, वेगळा काढतात. 0.15 ते 0.4 हर्ट्‌झचा पट्टा म्हणजे एचएफ (हाय फ्रीक्वेन्सी). तो श्वासाबरोबर हलतो आणि मुख्यतः व्हेगसचं, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या पॅरासिंपथेटिक नसेचं, काम दाखवतो. इथवर ठीक. घोळ आहे तो 0.04 ते 0.15 हर्ट्‌झच्या एलएफचा (लो फ्रीक्वेन्सी). तो सिंपथेटिकचा, असं गृहीत धरून त्याला एचएफने भागलं की 'ताणाचं गुणोत्तर' तयार! पण व्हेगसचा परिणाम रोखणारं अ‍ॅट्रोपिन दिलं की एलएफही बराच घटतो. जोराच्या व्यायामात सिंपथेटिक चढते, एलएफ मात्र उतरतो. हृदय बरंच निकामी झालेल्या रुग्णांत सिंपथेटिक सतत जोरात असते, तरी एलएफ क्षीण.

शांत बसून मिनिटाला सहा श्वास घ्या. सहा श्वास म्हणजे 0.1 हर्ट्‌झ. श्वासामुळे होणारा चढउतार आता एलएफमध्ये मोजला जातो आणि गुणोत्तर भरमसाट वाढतं. माणूस निवांत बसलाय आणि हिशेब म्हणतो ताण! शिवाय दोघी एकदमही वाढतात: श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवला की व्हेगस ठोके मंदावते आणि त्याच वेळी सिंपथेटिक हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते. असला कसला तराजू?

आकडा मोठा म्हणजे तब्येत उत्तम, हेही सरसकट खरं नाही. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ठोके वेडेवाकडे पडतात, म्हणून एचआरव्ही खूप जास्त येतो, आणि तो आजार आहे. साधं गणितही आडवं येतं. नाडी 60 असताना ती मिनिटाला एका ठोक्याने बदलली तर दोन ठोक्यांमधल्या अंतरात फरक सुमारे 16 मिलिसेकंदांचा, 100 असताना जेमतेम 6 चा. नाडी मंद असली की आकडा आपसूक फुगतो.

50 ची रेघ बहुधा 1987 च्या क्लायगर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आली असावी. हार्ट अटॅक येऊन गेलेले 808 रुग्ण, 24 तासांची होल्टर नोंद (अंगावर लावलेल्या यंत्राने सतत घेतलेला ईसीजी), एसडीएनएन हे माप, म्हणजे नोंदीतल्या सगळ्या ठोक्यांमधल्या अंतरांचं प्रमाण विचलन. 50 मिलिसेकंदांखालच्यांना मृत्यूचा धोका 100 च्या वरच्यांच्या 5.3 पट निघाला. अभ्यास भक्कम आहे. पण बरीच घड्याळं आरएमएसएसडी हे वेगळंच, लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकावरून काढलेलं माप दाखवतात, तेही ईसीजीवरून नाही तर प्रकाशाने टिपलेल्या नाडीवरून. अ‍ॅपल वॉच एसडीएनएन देतं खरं, पण थोड्या वेळाच्या नोंदीचं. एकक सगळीकडे मिलिसेकंदच, म्हणून गल्लत होते. धडधाकट माणसाच्या घड्याळातल्या 42 ला ती रेघ लागू होत नाही. आकडा बघायचाच असेल तर एकाच घड्याळावर, रोज त्याच वेळी, त्याच स्थितीत, आणि फक्त स्वतःच्या आधीच्या आकड्यांशी ताडून.